इंडक्शन मोटर आणि व्हीएफडीचे सिम्युलेशन: प्रत्येक पायरीला कागदावरच्या आकड्याची साथ

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मोटर-ड्राइव्हचा प्रोजेक्ट करणारे बरेच विद्यार्थी लायब्ररीतून तयार ब्लॉक उचलतात, तारा जोडतात, रन दाबतात आणि आलेला आलेख अहवालात चिकटवतात. आलेख देखणा असतो. पण "ही मोटर थेट मेन्सवर टाकली तर किती करंट घेईल, अंदाजे सांग" म्हटलं की उत्तर येत नाही. प्रोग्रॅम चुकीच्या आकड्यांवरही तितकाच गुळगुळीत आलेख काढतो, म्हणून आलेखाच्या दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. या लेखात आपण तीन फेजच्या इंडक्शन मोटरचं मॉडेल मुळापासून बांधू, ते व्हीएफडीवर (मोटरला बदलत्या फ्रीक्वेन्सीचा पुरवठा देणाऱ्या ड्राइव्हवर) चालवू आणि प्रत्येक थर चढवण्याआधी उत्तर कागदावर काढून ठेवू. पडद्यावर तेच आलं तरच पुढची पायरी.

सर्किट थिअरी, मोटरचं इक्विव्हॅलंट सर्किट आणि थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर एवढ्यावर भागतं.

आधी प्रश्न ठरवा

"मोटरचं सिम्युलेशन" नावाची एकच गोष्ट नसते. सुरू होताना किती वेळ लागतो, करंट किती जातो, ड्राइव्हचा रॅम्प (फ्रीक्वेन्सी शून्यापासून वर न्यायला दिलेला वेळ) किती ठेवावा हे हवं असेल तर चार-पाच डिफरन्शियल समीकरणं पुरतात. स्लॉटमुळे येणारी थरथर, दातांमधलं सॅच्युरेशन किंवा मॅग्नेटचा आकार हा प्रश्न असेल तर फायनाइट एलिमेंट पद्धत लागते. त्यासाठी फेम्म हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. वाइंडिंग किती तापेल हा प्रश्न मिनिटांचा नि तासांचा असतो, त्यात पीडब्ल्यूएमची (पल्सची रुंदी बदलून व्होल्टेज घडवण्याच्या पद्धतीची) एकेक पल्स मोजत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

आपला प्रश्न असा: ३ एचपीची मोटर पूर्ण लोडसह व्हीएफडीवर सुरू करायची आहे. कमी फ्रीक्वेन्सीला व्होल्टेज किती द्यावं, रॅम्प किती ठेवावा, आणि थांबवताना ड्राइव्हच्या डीसी बसचं (आतल्या रेक्टिफाय केलेल्या पुरवठ्याचं) काय होईल?

साधन कोणतं

सायलॅब, ऑक्टेव्ह किंवा पायथन, यांतलं कोणतंही चालेल. मॅटलॅब-सिम्युलिंक कॉलेजात असेल तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नका. सायलॅब आणि ओपनमॉडेलिका या दोन्ही मोफत साधनांचा प्रसार आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प करतो, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये सायलॅबचे पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. माझा आग्रह एकच: पहिलं मॉडेल तयार ब्लॉक न वापरता स्वतः ओळीओळीने लिहा. नंतर खुशाल तयार ब्लॉक वापरा. तेव्हा आत काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक असेल.

मोटर आणि तिचे आकडे

सरावासाठी अशी मोटर घ्या जिचे आकडे अनेकांनी वापरून पाहिले आहेत. इथे घेतलेली ३ एचपी, २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ४ पोलची मोटर पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं येते. सिम्युलिंकच्या जुन्या पीडब्ल्यूएम उदाहरणातही तीच आहे. आपल्याकडचा पुरवठा ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झचा, पण पडताळणीसाठी ही परकी मोटर जास्त उपयोगाची. स्टारमधल्या एका फेजचे, स्टेटरच्या बाजूने मोजलेले आकडे असे:

स्टेटर रेझिस्टन्स: ०.४३५ ओहम
रोटर रेझिस्टन्स: ०.८१६ ओहम
स्टेटर लीकेज इंडक्टन्स: २.० मिलिहेन्री
रोटर लीकेज इंडक्टन्स: २.० मिलिहेन्री
मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स: ६९.३१ मिलिहेन्री
जडत्व: ०.०८९ किलोग्रॅम-चौरस मीटर

६० हर्ट्झला लीकेज रिअॅक्टन्स ०.७५४ ओहम आणि मॅग्नेटायझिंग रिअॅक्टन्स २६.१३ ओहम येतो. बहुतेक पुस्तकं रिअॅक्टन्स देतात, मॉडेलला मात्र इंडक्टन्स लागतो. २ × पाय × ६० ने, म्हणजे सुमारे ३७७ ने, भागायला विसरू नका. व्हीएफडीत फ्रीक्वेन्सीच बदलत असल्यामुळे रिअॅक्टन्सला पकडून राहिलात तर सगळं गणित कोसळतं.

स्वतःच्या लॅबमधली मोटर घ्यायची असेल तर तीन चाचण्या पुरतात. पहिली, डीसी देऊन कोणत्याही दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा आणि त्याचा निम्मा घ्या; आतलं कनेक्शन स्टार असो की डेल्टा, स्टार-समतुल्य फेजचा आकडा तोच. तांबं तापल्यावर रेझिस्टन्स वाढतो हेही लक्षात ठेवा: ३० अंशांवर मोजलेला आकडा ७५ अंशांवर सुमारे १७ टक्के जास्त होतो.

दुसरी नो-लोड चाचणी. आपल्या मोटरवर ती केली तर २२० व्होल्टला ४.७२ अँपिअरच्या आसपास करंट दिसेल, कारण फेजचे १२७ व्होल्ट भागिले (०.७५४ + २६.१३) इतकंच ते उत्तर आहे.

तिसरी ब्लॉक्ड-रोटर चाचणी: रोटर धरून ठेवायचा आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत करंट पूर्ण लोडच्या आसपास न्यायचा. आपली मोटर ८ अँपिअरला लाइनचे सुमारे २६.८ व्होल्ट आणि २३१ वॉट दाखवेल. २३१ भागिले (३ × ८ × ८) केलं की १.२०५ ओहम येतात. त्यातून स्टेटरचे ०.४३५ वजा केले की ०.७७० उरतात. पण हा रोटरचा रेझिस्टन्स नव्हे, मॅग्नेटायझिंग शाखा समांतर असल्यामुळे त्याला (२६.८८४ / २६.१३) च्या वर्गाने गुणावं लागतं. उत्तर ०.८१५, म्हणजे यादीतला ०.८१६. हा गुणाकार सोडून दिला तर रोटर रेझिस्टन्स साडेपाच टक्क्यांनी कमी पडतो आणि तेवढीच चूक स्लिपमध्ये (रोटर सिंक्रोनस गतीपेक्षा किती मागे पडतो त्या प्रमाणात) शिरते.

खऱ्या पिंजरा-रोटर मोटरीत आणखी एक खोच आहे. रोटर धरलेला असताना त्यातली फ्रीक्वेन्सी पुरवठ्याइतकी असते, आणि तेव्हा खोल बारमधला करंट वरच्या कडेला सरकून रेझिस्टन्स वाढलेला दिसतो. चालत्या मोटरच्या रोटरमध्ये मात्र २-३ हर्ट्झच असतात. म्हणून जमलं तर ही चाचणी पुरवठ्याच्या चौथाई फ्रीक्वेन्सीवर करा. लॅबमध्ये व्हीएफडी असतेच, पण तिचं आउटपुट मोजताना मीटर ट्रू-आरएमएस हवा आणि मूळ फ्रीक्वेन्सी वेगळी काढता यायला हवी.

समीकरणं

तीन फेज एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि रोटर फिरेल तसा त्यांच्यातला म्युच्युअल इंडक्टन्स बदलत राहतो. हा गुंता सोडवण्याचा रस्ता आर. एच. पार्क यांनी १९२९ मध्ये सिंक्रोनस मशिनसाठी दाखवला. तीन फेजच्या राशी दोन अक्षांवर उतरवण्याची पद्धत एडिथ क्लार्क यांच्या नावाने ओळखली जाते. आपण स्थिर अक्ष घेऊ, त्यांना अल्फा आणि बीटा म्हणू.

अल्फा व्होल्टेज = (२/३) × (आर फेज − वाय फेजचा निम्मा − बी फेजचा निम्मा)
बीटा व्होल्टेज = (वाय फेज − बी फेज) / ३ चं वर्गमूळ

पुढे वीजेच्या बाजूची चार समीकरणं. अज्ञात म्हणून करंटऐवजी फ्लक्स घेतले की मांडणी फार स्वच्छ होते:

स्टेटर अल्फा फ्लक्सचा बदल = अल्फा व्होल्टेज − स्टेटर रेझिस्टन्स × स्टेटर अल्फा करंट
स्टेटर बीटा फ्लक्सचा बदल = बीटा व्होल्टेज − स्टेटर रेझिस्टन्स × स्टेटर बीटा करंट
रोटर अल्फा फ्लक्सचा बदल = − रोटर रेझिस्टन्स × रोटर अल्फा करंट − विद्युत गती × रोटर बीटा फ्लक्स
रोटर बीटा फ्लक्सचा बदल = − रोटर रेझिस्टन्स × रोटर बीटा करंट + विद्युत गती × रोटर अल्फा फ्लक्स

विद्युत गती म्हणजे शाफ्टची कोनीय गती गुणिले पोलच्या जोड्या, इथे २. शेवटच्या दोन ओळींतली वजा-अधिक चिन्हं नीट तपासा. ती उलटी पडली तर मॉडेल चालतं, आलेखही येतो, पण टॉर्क आणि गती यांचा मेळ बसत नाही.

फ्लक्सवरून करंट काढण्यासाठी आधी एक भाजक काढून ठेवा: स्टेटरचा एकूण इंडक्टन्स × रोटरचा एकूण इंडक्टन्स − मॅग्नेटायझिंग इंडक्टन्सचा वर्ग. दोन्ही एकूण इंडक्टन्स ७१.३१ मिलिहेन्री, म्हणून भाजक ०.०००२८१२ येतो. मग

स्टेटर करंट = (रोटर इंडक्टन्स × स्टेटर फ्लक्स − मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स × रोटर फ्लक्स) / भाजक
रोटर करंट = (स्टेटर इंडक्टन्स × रोटर फ्लक्स − मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स × स्टेटर फ्लक्स) / भाजक

हा भाजक म्हणजे दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी आहे. म्हणून इंडक्टन्स दोनच अंकांपर्यंत तोडून लिहिले तर लीकेजचा आकडाच हरवतो. ६९.३१ चे ७० आणि ७१.३१ चे ७१ करून पाहा. स्टार्टिंग करंट भलताच वाढलेला दिसेल.

टॉर्क = १.५ × पोलच्या जोड्या × (अल्फा फ्लक्स × बीटा करंट − बीटा फ्लक्स × अल्फा करंट), स्टेटरच्या राशी घेऊन
शाफ्टच्या गतीचा बदल = (टॉर्क − लोड टॉर्क) / जडत्व

१.५ हा गुणक वर वापरलेल्या २/३ शी जोडलेला आहे. काही पुस्तकं पॉवर कायम ठेवणारं रूपांतर वापरतात, तिथे हा गुणक नसतो. दोन पुस्तकांतून अर्धी-अर्धी समीकरणं उचलली की टॉर्क दीडपट किंवा दोन-तृतीयांश येतो.

वेळेची पायरी

समीकरणं सोडवायला चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत घ्या आणि साइन व्होल्टेजसाठी १०० मायक्रोसेकंदांची पायरी ठेवा. या मोटरचा सगळ्यात वेगवान विद्युत काळ-स्थिरांक ३.३ मिलिसेकंदांच्या आसपास आहे, त्यामुळे ही पायरी पुरेशी बारीक आहे. साधी ऑयलर पद्धत आणि १ मिलिसेकंदाची पायरी घेतलीत तरी आलेख येईल, पण डॅम्पिंग खोटं असेल. कसोटी सोपी आहे: पायरी निम्मी करून पुन्हा चालवा. उत्तर हललं, तर आधीची पायरी मोठी होती.

पहिली कसोटी: मोटर थेट मेन्सवर, लोडशिवाय

ड्राइव्हला अजून हात लावू नका. तिन्ही फेजना १७९.६ व्होल्ट शिखराचं, ६० हर्ट्झचं साइन व्होल्टेज द्या, लोड शून्य ठेवा. चालवण्याआधी इक्विव्हॅलंट सर्किटवरून हे आकडे वहीत लिहून ठेवा.

रोटर थांबलेला असताना मोटरचा इम्पिडन्स १.९३ ओहम येतो, म्हणजे करंट सुमारे ६६ अँपिअर आरएमएस, शिखर ९३. सुरुवातीच्या पहिल्या सायकलमध्ये एखाद्या फेजला याहून थोडा जास्त उसळलेला दिसेल, कारण व्होल्टेज जोडण्याच्या क्षणावर अवलंबून डीसीचा अंश मिसळतो. त्याचमुळे पहिल्या काही सायकलींत टॉर्कही ६० हर्ट्झने जोरात हेलकावतो. त्याची सरासरी ५३ न्यूटन-मीटरच्या आसपास हवी. सर्वाधिक टॉर्क सुमारे ६२ न्यूटन-मीटर, तोही ०.५३ स्लिपला, म्हणजे ८५० आरपीएमच्या सुमारास. १८०० च्या ९५ टक्के गती ०.३ ते ०.४ सेकंदांत गाठली जाईल. शेवटी करंट ४.७ अँपिअर आरएमएसवर स्थिरावेल.

आता मला सर्वात आवडणारी कसोटी. लोड नसताना मोटर शून्यापासून पूर्ण गतीला जाते, तेव्हा रोटरच्या रेझिस्टन्समध्ये जळणारी ऊर्जा ही फिरत्या भागाच्या गतिज ऊर्जेइतकीच असते. इथे अर्धा × ०.०८९ × १८८.५ चा वर्ग म्हणजे १५८१ जूल. मॉडेलमध्ये प्रत्येक पायरीला रोटर रेझिस्टन्स × रोटर करंटचा वर्ग × वेळेची पायरी याची बेरीज करत जा (दोन अक्ष असल्यामुळे १.५ ने गुणून) आणि १५८१ च्या जवळ येते का पाहा. स्टेटरमध्ये त्याच काळात साधारण ८५० ते ९०० जूल जातील. वर सांगितलेली चिन्हाची चूक किंवा १.५ चा गोंधळ ही कसोटी लगेच पकडते. वारंवार चालू-बंद केल्याने मोटर का जळते तेही या एका आकड्यातून कळतं: मोटर रिकामी असली तरी प्रत्येक स्टार्टला ही उष्णता रोटरमध्ये जमा होतेच.

जाता जाता पुरवठा २० टक्क्यांनी कमी करून पाहा. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे स्टार्टिंग टॉर्क ५३ वरून ३४ वर येतो. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेला शेतातला पंप घुमत बसतो, उचलत नाही, त्याचं कारण हेच.

लोड जोडताना

११.९ न्यूटन-मीटर हा या मोटरचा पूर्ण लोड. स्थिर चालीत स्लिप ४.२ टक्के, गती १७२४ आरपीएम आणि करंट ७.९ अँपिअर यायला हवा. मोटर पूर्ण गतीला आल्यावर हा लोड एका पायरीत टाका आणि तिन्ही आकडे जुळवा.

हाच स्थिर लोड टॉर्क शून्य सेकंदापासून ठेवला तर मात्र मॉडेलमधली मोटर आधी उलटी फिरायला लागते! टॉर्क तयार व्हायला वेळ लागतो, आणि समीकरणाला हे ठाऊक नसतं की घर्षणाचा लोड थांबलेल्या शाफ्टला मागे ढकलत नाही. लिफ्ट किंवा क्रेन असेल तर उलटं फिरणं खरं आहे, कन्व्हेअरसाठी खोटं. कन्व्हेअरसारख्या लोडला गतीच्या चिन्हाने गुणा. चिन्ह शून्यापाशी एकदम बदलू नये म्हणून गतीचं हायपरबोलिक टॅन्जंट घ्या. पंखा आणि सेंट्रिफ्युगल पंपाला गतीच्या वर्गाच्या प्रमाणात लोड ठेवा. लोड कसा मांडला यावर स्टार्टिंगचं अख्खं उत्तर अवलंबून असतं, म्हणून तयार ब्लॉकमधली "लोड टॉर्क" ही चौकट आकडा टाकून मोकळं होण्याची जागा नव्हे.

आता ड्राइव्ह: आधी पीडब्ल्यूएमशिवाय

व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी एकाच प्रमाणात ठेवायची, म्हणजे फ्लक्स टिकतो. इथे १२७ भागिले ६०, म्हणजे दर हर्ट्झला २.१२ व्होल्ट. इन्व्हर्टर अजून नकोच. बदलत्या फ्रीक्वेन्सीचं शुद्ध साइन व्होल्टेज थेट मोटरला द्या.

पहिला सापळा कोनाचा. फ्रीक्वेन्सी रॅम्पने वाढत असताना साइनच्या आत "२ × पाय × फ्रीक्वेन्सी × वेळ" लिहिलं तर प्रत्यक्ष फ्रीक्वेन्सी दुप्पट होते, कारण गुणाकारातले दोन्ही घटक वाढत असतात. कोन हा फ्रीक्वेन्सीच्या इंटिग्रेशननेच काढायचा: प्रत्येक पायरीला २ × पाय × फ्रीक्वेन्सी × पायरी इतकी भर. रॅम्प संपताच गती अचानक निम्म्यावर येऊ पाहत असेल तर ही चूक झाली आहे असं खुशाल समजा.

दुसरी गोष्ट कमी फ्रीक्वेन्सीची, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण व्हीएफडीच्या पॅनेलवरचं "टॉर्क बूस्ट" हे पॅरामीटर नेमकं इथून येतं. पूर्ण करंटला स्टेटर रेझिस्टन्समध्ये ३.४ व्होल्ट पडतात. ६० हर्ट्झला १२७ पैकी ३.४ म्हणजे पावणेतीन टक्के, कोणाच्या लक्षातही येत नाही. ५ हर्ट्झला मात्र मोटरला फक्त १०.६ व्होल्ट मिळतात, त्यातले ३.४ म्हणजे जवळपास एक तृतीयांश. परिणाम असा की ५ हर्ट्झला, रोटर थांबलेला असताना, ही मोटर फक्त १०.५ न्यूटन-मीटर देते. ६० हर्ट्झला पुरेसा ताण पडला की ६२ देणारी मोटर इथे स्वतःचा पूर्ण लोड, ११.९, हलवू शकत नाही.

मॉडेलमध्ये हे आधी घडू द्या: फ्रीक्वेन्सी ५ वर थांबवा, लोड ११.९ ठेवा, मोटर जागची हलता कामा नये. मग बूस्ट घाला:

फेज व्होल्टेज = ३.४ + १२३.६ × फ्रीक्वेन्सी / ६०

५ हर्ट्झला आता १३.७ व्होल्ट आणि १७.६ न्यूटन-मीटर मिळतात. २ हर्ट्झलाच टॉर्क १२.३ च्या आसपास पोचतो, म्हणजे पूर्ण लोडची मोटर त्याच सुमारास, किंवा फ्लक्स भरायला लागणाऱ्या वेळेमुळे किंचित नंतर, हलू लागेल.

बूस्टची किंमतही मोजा. लोड नसताना ५ हर्ट्झला ही मोटर आता ४.७ ऐवजी ६ अँपिअर घेते, म्हणजे फ्लक्स नेहमीच्या सव्वापटीहून जास्त झालाय. आपलं मॉडेल सॅच्युरेशन जाणत नाही, त्यामुळे ते शांतपणे ६ सांगतं. खऱ्या मोटरचं लोखंड एवढा फ्लक्स सोसत नाही आणि करंट याहून बराच वर जातो. बूस्ट वाढवत नेऊन मॉडेलमध्ये छान टॉर्क मिळतोय म्हणून तोच आकडा ड्राइव्हमध्ये भरू नका. पंखा-पंपाला तर बूस्ट जवळपास लागतच नाही.

रॅम्पचं गणित सरळ आहे. ५ सेकंदांत पूर्ण गतीला जायचं तर जडत्वासाठी ०.०८९ × १८८.५ / ५, म्हणजे ३.४ न्यूटन-मीटर लागतात. लोड धरून १५.३. दोन सेकंदांचा रॅम्प ठेवला तर ८.४ आणि लोड मिळून २०.३, जे ५ हर्ट्झच्या १७.६ पेक्षा जास्त आहे. म्हणजे सुरुवातीला रोटर मागे पडेल, स्लिप आणि करंट वाढेल, आणि नंतर तो फ्रीक्वेन्सीला गाठेल. दोन्ही रॅम्प चालवून करंटचे आलेख एकावर एक ठेवा. खरी ड्राइव्ह इथेच ओव्हरकरंट ट्रिप दाखवते.

इन्व्हर्टर आणि पीडब्ल्यूएम

डीसी बस किती? २२० व्होल्ट तीन फेज रेक्टिफाय केले की सरासरी २९७, शिखर ३११ व्होल्ट. साध्या साइन-त्रिकोण पीडब्ल्यूएमने फेजचं शिखर बसच्या निम्म्यापर्यंतच जातं: १५० ते १५५ व्होल्ट. मोटरला हवेत १७९.६! तिसरा हार्मोनिक मिसळला किंवा स्पेस व्हेक्टर पद्धत वापरली की १५.५ टक्के जास्त मिळतात आणि आपण जेमतेम तिथवर पोचतो. सिम्युलेशनमध्ये ५० हर्ट्झच्या पुढे मोटर लोडखाली दमते आणि कारण सापडत नाही, तेव्हा बहुधा ही मर्यादाच आडवी आलेली असते.

आता वेळेची पायरी पुन्हा पाहावी लागेल. स्विचिंग ५ किलोहर्ट्झ असेल तर एक चक्र २०० मायक्रोसेकंदांचं. १० मायक्रोसेकंदांची पायरी ठेवली तर एका चक्रात २० ठोके बसतात, म्हणजे पल्सची रुंदी ५ टक्क्यांच्या टप्प्यांनीच बदलू शकते. ३०० व्होल्टच्या बसवर तो टप्पा १५ व्होल्टचा! ५ हर्ट्झला मोटरला हव्या असलेल्या १९ व्होल्ट शिखराची त्यात काय गत होईल ते उघड आहे. १ मायक्रोसेकंदाची पायरी घ्या, टप्पा दीड व्होल्टवर येतो. वेळ फार लागत असेल तर स्विचिंगचे क्षण अचूक पकडणारा बदलत्या पायरीचा सॉल्व्हर वापरा. आणि जिथे पल्स पाहायच्याच नाहीत तिथे मागच्या टप्प्यातलं सरासरी मॉडेल निवांत चालू ठेवा.

डेड टाइम विसरू नका. एकाच लेगचे दोन आयजीबीटी (इन्व्हर्टरमधले स्विच) एकदम चालू झाले तर बस शॉर्ट होते, म्हणून मधे काही मायक्रोसेकंद दोन्ही बंद ठेवतात. ३ मायक्रोसेकंद × ५००० × ३०० व्होल्ट म्हणजे ४.५ व्होल्टची चौरस तरंगासारखी घट, करंटच्या विरुद्ध दिशेने. तिचा मूळ फ्रीक्वेन्सीचा भाग ५.७ व्होल्ट शिखर येतो. पूर्ण गतीला नगण्य, पण ५ हर्ट्झच्या १९ व्होल्टमधले हे ३० टक्के. बूस्टचं वरचं सगळं गणित डेड टाइमशिवाय केलेलं होतं. ते इथे पुन्हा करावं लागतं. करंट शून्य ओलांडताना आलेखात सपाट पायरी दिसू लागली की डेड टाइमचं मॉडेल बरोबर चाललंय असं समजा.

डीसी बस: आदर्श बॅटरी काढून टाका

बहुतेक प्रोजेक्टमध्ये इन्व्हर्टरच्या मागे स्थिर डीसी सोर्स असतो. त्यामुळे मोटर कितीही झटकन थांबवली तरी सिम्युलेशन तक्रार करत नाही. खऱ्या ड्राइव्हमध्ये पुढे डायोड रेक्टिफायर असतो आणि डायोड ऊर्जा परत लाइनकडे जाऊ देत नाहीत.

आकडे घाला. फिरत्या मोटरमध्ये १५८१ जूल आहेत. बसवर १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर धरला तर ३११ व्होल्टला त्यात ४८ जूल असतात आणि ४०० व्होल्टला ८०. म्हणजे ट्रिपची मर्यादा ४०० धरली तर कॅपॅसिटर फक्त ३२ जूल पोटात घेऊ शकतो. उरलेले मोटरच्या तांब्यात, लोडमध्ये किंवा ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये जायला हवेत. मॉडेलमध्ये बसचं समीकरण जोडा: बस व्होल्टेजचा बदल = (रेक्टिफायरकडून येणारा करंट − इन्व्हर्टरकडे जाणारा करंट) / कॅपॅसिटन्स. रेक्टिफायरचा करंट उणे होऊ देऊ नका. मग अर्ध्या सेकंदाचा डिसेलरेशन रॅम्प द्या आणि बस वर चढताना पाहा. पुढे ३८० व्होल्टला चालू आणि ३६० ला बंद होणारा रेझिस्टर जोडा. त्याचं मूल्य आणि वॉटेज तुम्हाला या आलेखातूनच काढता येईल. कॅटलॉगमधून अंदाजाने रेझिस्टर निवडण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

खऱ्या मोटरशी मेळ

लॅबमध्ये एक फेज करंट आणि गती एवढं ऑसिलोस्कोपवर नोंदवता आलं तरी पुरे. नो-लोड करंट जुळत नसेल तर मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स तपासा, स्टार्टिंग करंट जुळत नसेल तर लीकेज, पूर्ण लोडची गती जुळत नसेल तर रोटर रेझिस्टन्स आणि मोटर किती तापलेली होती ते. गती वाढण्याचा वेळ जुळत नसेल तर जडत्व: मोटर पूर्ण गतीला नेऊन पुरवठा तोडा, ती किती वेगाने मंदावते ते नोंदवा; नो-लोडला घर्षण आणि पंख्यात जाणारी पॉवर भागिले (कोनीय गती × मंदावण्याचा दर) म्हणजे जडत्व. एका वेळी एकच आकडा बदला, आणि ज्या चाचणीतून तो आला तीच पुन्हा करून मग बदला. सगळे आकडे एकदम हलवून आलेख बसवला तर तो त्या एका आलेखापुरताच बसतो.

थोडी तफावत राहीलच. आपल्या मॉडेलमध्ये लोखंडातले लॉस नाहीत, सॅच्युरेशन नाही, बारमधला स्किन इफेक्ट नाही. नो-लोडची पॉवर मॉडेलपेक्षा जास्त येणार, बूस्ट दिल्यावरचा करंट जास्त येणार, थेट स्टार्टचा टॉर्कही वेगळा येणार. यातली कोणती तफावत तुमच्या मूळ प्रश्नाला धक्का लावते ते पाहा आणि तेवढीच भर घाला. बूस्ट ठरवायचा असेल तर सॅच्युरेशन हवंच: नो-लोड चाचणी वेगवेगळ्या व्होल्टेजला करून मॅग्नेटायझिंग इंडक्टन्सचा तक्ता बनवा आणि तो स्थिर आकड्याच्या जागी ठेवा. व्हेक्टर कंट्रोलकडे जायचं असेल तर मॉडेल हेच राहतं, फक्त कोन रॅम्पऐवजी रोटर फ्लक्सवरून काढायचा. तिथे रोटरचा काळ-स्थिरांक, या मोटरसाठी ८७ मिलिसेकंद, मुद्दाम २०-३० टक्के चुकवून पाहा, कारण तापलेली मोटर कंट्रोलरला तेवढंच चकवते.